पॉइंट टू-टूची मॅच गोळी: लांबच्या निशाण्यासाठी लॉट कसा निवडावा

चोपड्याच्या एका तरुण नेमबाजाने विचारलंय: "सर, माझी रायफल पॉइंट टू-टूची, बोल्ट अ‍ॅक्शन. ५० मीटर प्रोनला (पोटावर झोपून) ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, छान पडतो. आता बाहेरगावच्या रेंजवर १०० आणि २०० मीटरचा सराव सुरू केलाय, तर तिथे गोळ्या वर-खाली पसरतात. डावी-उजवी तेवढी नाही, उभीच. सगळ्यात महागडी मॅच गोळी (स्पर्धेसाठी बनवलेली) घेतली तर प्रश्न सुटेल का? कोणत्या कंपनीची घेऊ?"

भाऊ, कंपनीचं नाव सांगतो, पण त्याने तुझं काम अर्धंच होईल. कापसाचं बियाणं घेताना तुझ्या घरात काय करतात ते आठव. वाणाचं नाव वाचतात आणि लगेच पाकीट उलटवून लॉट नंबर बघतात, कारण एकाच वाणाचा एक लॉट चांगला उगवतो आणि दुसरा दगा देतो. आपल्या रिमफायर गोळीचं, म्हणजे जिच्या तळाच्या कडेवर ठोका बसतो तिचं, अगदी तसंच आहे. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या डब्यातल्या दोन लॉटमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कधीकधी दोन कंपन्यांत निघत नाही. आणि जो लॉट माझ्या बॅरलला मानवतो तो तुझ्या बॅरलला मानवेलच असं नाही. म्हणून लांबच्या अंतरासाठी माझं उत्तर एकच: तुझ्या बॅरलमधून, तुझ्या हवेत, वेग मोजून लॉट निवडायचा आणि मिळेल तेवढा तोच घेऊन ठेवायचा.

असं का होतं ते समजून घे. सेंटरफायर काडतुसात ठोक्याने पेटणारी टोपी वेगळी असते, तळाला मधोमध बसवलेली. आपल्या पॉइंट टू-टूत टोपी नसते. पितळी पुंगळीच्या तळाला जी कड असते, तिच्या पोकळीत स्फोटक लेप ओला भरतात आणि पुंगळी गरगर फिरवून तो कडेभर पसरवतात. फायरिंग पिन त्या कडेवर एकाच जागी ठोका मारते. लेप कडेभर सारखा पसरला नसेल, तर एका गोळीत ठिणगी जोमाची पडते आणि दुसरीत मंद. वर दारू किती, तर शंभर मिलिग्रॅमच्या आत. एवढ्याशा दारूत ठिणगीचा फरक लगेच वेगात दिसतो. हा लेप, ती दारू, शिशाची तार, मेण, यातलं काही बदललं की कारखान्यात लॉट बदलतो. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले एक आप्पा मला सुरुवातीला नेहमी म्हणायचे, "डबा नको वाचू, नंबर वाच." त्यांचं काम लष्करी काडतुसांचं, पण बोलणं इथेही तंतोतंत लागू पडतं.

आता तुझ्या उभ्या पसाऱ्याकडे येऊ. हा सगळा आकड्यांचा मामला आहे, म्हणून जरा थांबून वाच.

मॅच गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम शिसं. नळीतून निघताना वेग साधारण ३२५ ते ३३२ मीटर प्रति सेकंद. ५० मीटरला पोचेपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते, १०० मीटरला अर्धा मीटरभर आणि २०० मीटरला सव्वादोन मीटरच्या पुढे. आता समज, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा १० मीटर प्रति सेकंदाने कमी आहे. ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागेल. तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, त्यामुळे अशी गोळी बऱ्याचदा दहात किंवा साडेनवात खपून जाते. तीच गोळी १०० मीटरला ३ सेंटीमीटर खाली जाते आणि २०० मीटरला बारा-चौदा सेंटीमीटर. म्हणजे तुझा हात तोच, रायफल तीच, गोळीही तीच. फरक इतकाच की ५० मीटरला हा दोष झाकला जात होता आणि २०० ला उघडा पडला.

आणखी एक बारकाई आहे. गोळी नळीत असताना नळी थरथरते, तिचं टोक वर-खाली होतं. हळू गोळी जरा उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी टोक वर जात असेल, तर हळू गोळीला थोडा वरचा कोन मिळतो आणि एका ठराविक अंतरावर ती वेगवान गोळीच्या जागीच जाऊन बसते. काही नेमबाज नळीच्या टोकाला ट्यूनर (मागे-पुढे सरकवता येणारं वजन) लावून मुद्दाम हे साधतात. पण ५० मीटरला जुळलेलं हे गणित २०० मीटरला टिकत नाही. म्हणून "माझा ५० मीटरचा ग्रुप एका बटनाएवढा येतो" यावर लांबच्या अंतराचा लॉट कधीही ठरवू नकोस. लांब खेळायचं तर किमान १०० मीटरवर आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावूनच चाचणी घ्यायची. आपल्याकडचं ऊन अंगावर येतं, त्यात प्रकाशाच्या सेन्सरवाला क्रोनोग्राफ बऱ्याचदा चुकीचे आकडे देतो. शेजारी ठेवायचा रडारवाला कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी माग, पण मोजूनच घे.

वेग किती सारखा असावा? वीस-पंचवीस गोळ्यांचा स्टँडर्ड डेव्हिएशन (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याचं माप) अडीच मीटर प्रति सेकंदाच्या आत आला तर तो लॉट २०० मीटरच्या लायकीचा समजतो. साडेतीनच्या वर गेला तर कितीही महागडा असो, तो ५० मीटरच्या सरावाला लावायचा. सरासरीपेक्षा मी सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान गोळी आधी बघतो. चोवीस गोळ्या एका ओळीत आणि पंचविसावी पंधराने हळू, असा लॉट मॅचच्या दिवशी मन मोडतो.

खानदेशात राहणाऱ्याने हवेचा विचार वेगळा करायला हवा. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. १० अंशांना तो सुमारे ३३७ मीटर प्रति सेकंद असतो, ४४ अंशांना ३५८. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात मॅच गोळी आवाजाच्या बरीच खाली धावते, तिथे काळजी नाही. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी येते. पारा आठ-दहावर आणि तुझ्या लॉटमधली काही गोळी ३३८-३४० ने निघाली, तर ती आवाजाचा वेग ओलांडून मग खाली उतरते. त्या उतरणीला गोळीला झटके बसतात, ती डगमगते आणि लांबच्या टार्गेटवर कारण नसताना एक छिद्र बाहेर दिसतं. त्याला आपण "फ्लायर" म्हणतो आणि दोष स्वतःच्या ट्रिगरला देत बसतो.

याच कारणाने हाय व्हेलॉसिटी गोळीच्या नादी लागू नकोस. तिचा वेग पावणेचारशेच्या आसपास असतो, म्हणून ती सरळ जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध एकदम वाढतो, तिचा वेग झपाट्याने पडतो आणि बाजूचं वारं तिला मॅच गोळीपेक्षा जास्त ढकलतं. हे अनेकांना पटत नाही, पण १०० मीटरवर दोन्ही गोळ्या एकाच वाऱ्यात मारून बघ. मॅच गोळीला एक मीटर प्रति सेकंदाचं आडवं वारं १०० मीटरला सुमारे २ सेंटीमीटर सरकवतं आणि २०० ला त्याच्या चौपट. तापीकाठच्या पट्ट्यात दुपारी अकरानंतर वारं कसं सुटतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लॉटची चाचणी सकाळी सात ते नऊमध्येच उरक, नाहीतर वाऱ्याचा पसारा गोळीच्या नावावर लागेल.

उन्हाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं. एका एप्रिलमध्ये मी धुळ्याहून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर निघालो होतो. ५०० गोळ्यांची वीट गाडीच्या मागच्या काचेखाली राहिली. वाटेत जेवायला थांबलो, गाडी तासभर उन्हात. तो लॉट मी दोन महिने तपासून निवडला होता, त्यावर माझा पूर्ण विश्वास होता. दुसऱ्या दिवशी १०० मीटरवर गोळ्या दीड-दोन बोटं उभ्या पसरल्या. सकाळभर मी साईट, स्टॉक, खांदा, सगळं तपासलं. दुपारी सहज एक गोळी उचलून प्रकाशात धरली तेव्हा कारण सापडलं. शिशावर मेणाचा जो पातळ, सारखा, किंचित पांढुरका थर असतो तो एका बाजूने उतरून पुंगळीच्या काठाशी गोळा झाला होता. दुसरी बाजू कोरडी, चकचकीत. डब्यातल्या प्लास्टिकच्या घरांत तेलकट चंद्रकोरी उमटल्या होत्या आणि त्यांना बारीक काळी धूळ चिकटली होती. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, चरबी मिसळलेलं वंगण त्याआधीच सैल होतं आणि आपल्या उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ ६० सहज ओलांडतं. त्या वीटेतल्या उरलेल्या गोळ्या मी सरावात संपवल्या, मॅचला एकही वापरली नाही. तेव्हापासून माझ्या गोळ्या प्रवासात पाण्याच्या बाटल्यांबरोबर थर्माकोलच्या पेटीत असतात, पण बर्फाशिवाय. बर्फ घातला तर गार गोळीवर दव धरतं. रेंजवर गेल्यावर पेटी सावलीत अर्धा तास उघडी ठेवायची आणि गोळी हवेच्या तापमानाला आली की मगच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत. तापलेल्या चेंबरमध्ये गोळी घालून मिनिटभर वाऱ्याची वाट बघत बसलास, तरी तेवढ्यात दारू तापून वेग बदलतो. वाट बघायची असेल तर चेंबर रिकामं ठेवून बघ.

आता चाचणी प्रत्यक्ष कशी करायची. सुरुवातीला तीन-चार लॉटचे दोन-दोन डबे मिळव, डब्यात ५० गोळ्या. दुकानदार सुटे डबे देत नसेल तर दोन-तीन नेमबाजांनी मिळून घ्या. तुमचा परवाना आणि खरेदीची मर्यादा सांभाळूनच, नोंद ज्याच्या नावावर त्याच्याच नावावर. रायफल घट्ट रेस्टवर, मागे वाळूची पिशवी. गोळी एक-एक हाताने ट्रेमध्ये ठेवून भर. मॅगझिनमधून वर येताना शिशाचं नाक कधीकधी खरचटतं.

एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीवर गेलास की पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येकाचं मेण वेगळं असतं, नळीत जुन्याचा थर असतो, नवा बसायला तेवढ्या गोळ्या जातात. ही पायरी गाळून "अमकी गोळी माझ्या रायफलला चालत नाही" असं सांगणारे मी डझनाने पाहिलेत आणि त्यात चांगल्या गोळीचं नाव खराब होतं. त्यानंतर १०० मीटरवर दहा-दहाचे निदान तीन ग्रुप. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नकोस. त्याच रायफलने, त्याच लॉटने दहाचा ग्रुप पाचापेक्षा सरासरी चतुर्थांशाने मोठा येतो, म्हणून फोनवर फिरणारे पाचाचे फोटो देखणे दिसतात. तीनही टार्गेट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लाव आणि सगळी तीस छिद्रं एकत्र बघ. उंचीकडे बघ, रुंदीकडे नंतर. उंची रुंदीच्या दीडपट-दुप्पट असेल तर वेगाचा आकडा बघायच्या आधीच लॉट बाजूला ठेव. वहीत लॉट नंबर, तापमान, वेळ आणि वेग एकाच ओळीत लिही. माझ्या वह्या आज पंचवीस वर्षांच्या आहेत. डिसेंबरचा आणि मेचा झिरो (गोळी नेमकी मध्यावर लागावी अशी साईटची जुळणी) किती क्लिकने सरकतो हे मला त्यांनीच सांगितलं. १० अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांची हवा दहा टक्क्यांहून जास्त विरळ असते, म्हणून उन्हाळ्यात गोळी थोडी वरच लागते.

कंपन्यांचं विचारलंस. ५० मीटरच्या जगात एलीची टेनेक्स, लापुआची एक्स-अ‍ॅक्ट, मिडास प्लस आणि सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएसची आर ५० ही नावं सर्वत्र दिसतात. टेनेक्सचा छापील वेग सुमारे ३३१, सेंटर-एक्सचा ३२७. त्याखालच्या किमतीत एसकेची रायफल मॅच आणि स्टँडर्ड प्लस. बऱ्याच ठिकाणी वरचे दोन-तीन दर्जे चाचणीतल्या निकालावरून प्रतवारी करून वेगळे काढतात, त्यामुळे मधल्या दर्जाचा एखादा लॉट वरच्या दर्जाला तुझ्या बॅरलमध्ये मागे टाकू शकतो. मी अशा ठिकाणी नेहमी मधल्या दर्जाचे चार लॉट तपासतो. वरच्या दर्जाचा एकच लॉट डोळे मिटून घेण्यापेक्षा त्यात पैसा जास्त कामी येतो. तुला १०० ते २०० खेळायचंय, तर सेंटर-एक्सचे दोन आणि एसकेचे दोन लॉट यांपासून सुरू कर. खास लांबच्या अंतरासाठी म्हणूनही गोळी निघते, लापुआची आणि एसकेची, तिचा वेग मुद्दाम थोडा वाढीव ठेवलेला असतो. ती जरूर तपास, फक्त हिवाळ्यातल्या सकाळची गोष्ट लक्षात ठेवून. बायथलॉनसाठीची (बर्फावर स्कीइंग आणि नेमबाजीची शर्यत) पोलर गोळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस, ती बर्फातल्या थंडीसाठी बनवलेली असते, तो गुण आपल्याकडे फुकट जातो.

गोळ्या वजन करून किंवा कडेची जाडी मोजून वेगळ्या करणारे मित्र आहेत. स्वस्त गोळीत कडेच्या जाडीने टोकाच्या गोळ्या बाहेर निघतात हे खरं. चांगल्या मॅच गोळीत मला फायदा कधी दिसला नाही, उलट हाताळून मेण निघतं. ती संध्याकाळ ड्राय फायरिंगला, म्हणजे गोळीशिवायच्या सरावाला दे.

चेंबरविषयी एक गोष्ट मात्र स्वतः बघ. मॅच चेंबरमध्ये घातलेली गोळी न मारता हळूच बाहेर काढ आणि शिशावर नखाएवढ्या अंतरात उभ्या बारीक रेघा आल्यात का पाहा. त्या नळीच्या आतल्या आट्यांच्या (पिळदार खाचांच्या) खुणा. चारी बाजूंनी सारख्या असतील तर गोळी नळीत सरळ बसतेय. एकाच बाजूला खोल असतील तर चेंबरमध्ये कचरा आहे किंवा त्या गोळीची ठेवण तुझ्या चेंबरला जुळत नाही. ही तपासणी करताना नळी टार्गेटकडेच ठेव आणि काढलेली गोळी परत वापरू नकोस. कधी शिसं आत अडकून पुंगळी एकटीच बाहेर येते आणि दारू बोल्टमध्ये सांडते. तसं झालं तर तिथेच थांबून आर्मररला (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला) दाखव.

लॉट ठरला की उशीर करू नकोस. दहा डब्यांची एक वीट, दहा विटांची पेटी, म्हणजे ५००० गोळ्या. परवान्यावर जेवढं बसतं तेवढं त्याच नंबरचं उचल. आणि घेताना दुकानातच प्रत्येक डब्याची पट्टी वाच. मला एकदा एका विक्रेत्याकडून आलेल्या वीटेत सहा डबे एका लॉटचे आणि चार दुसऱ्याचे निघाले. वरचं वेष्टन नव्याने चिकटवलेलं. घरी येऊन कळलं, तोवर पावती झाली होती. काही कंपन्या डब्यावर लॉटच्या नंबराबरोबर वेगही छापतात. तो उपयोगी पडतो, पण तो त्यांच्या नळीतला असतो. तुझ्या नळीतून पाच-सात मीटरचा फरक सहज येतो.

२०० मीटरसाठी साईटची सोयही बघून घे. ५० मीटरला झिरो असलेली रायफल २०० ला सुमारे पावणेदोन मीटर खाली मारते. तेवढे क्लिक स्कोपमध्ये नसतील तर उताराची माउंट पट्टी लागेल. आणि शेतात, नाल्यात, मोकळ्या माळावर चाचणी करायचा विचारही मनात आणू नकोस. ही छोटीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि आपल्या जमिनीतला काळा दगड तिला कुठे वळवेल याचा नेम नाही. परवानगी असलेली रेंज आणि मागे उंच मातीचा बांध, एवढं असेल तरच बोल्ट बंद कर.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हापासून इकडची मुलं या खेळात येऊ लागलीत. तो मध्य रेल्वेचा, म्हणून भुसावळला त्याचा आनंद जरा जास्तच झाला. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. इकडच्या मुलांपैकी बहुतेकांनी पहिली गोळी एनसीसीच्या कॅम्पमध्ये मारलेली असते, हातात आली तीच गोळी, लॉट कोण विचारतं तिथे. पण तू आता त्या टप्प्याच्या पुढे आलायस.

पहिली चाचणी नोव्हेंबरअखेरीस घे, दुसरी मार्चमध्ये, त्याच दोन सर्वोत्तम लॉटची. निवडलेल्या लॉटमधले दोनशे राउंड वेगळे काढून त्यावर तारीख लिहून ठेव आणि काही झालं तरी संपवू नकोस. पुढच्या वर्षी नवा लॉट तपासशील तेव्हा त्याच सकाळी, त्याच रेस्टवरून आधी या जुन्यांतले वीस मार आणि मग नवा. दोन्ही टार्गेटचे फोटो लॉट नंबर दिसतील असे पाठव, मी बघून सांगतो.